आगाऊ नोंद

आमच्या प्लांटवर दर तासाला रीडिंग घ्यायचं असतं. पाण्याचा गढूळपणा, क्लोरीन, पंपाचा दाब, टाकीची पातळी. भलंमोठं रजिस्टर, दिवसाच्या चोवीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे सही. अख्खं गाव पितं ते पाणी तुमच्या हातून जातं, असं साहेब लोक भाषणात सांगतात आणि आम्ही माना डोलावतो. खरं सांगायचं तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये तिथे काही म्हणजे काही बदलत नाही. मग माणूस काय करतो? पहिलं रीडिंग इमानदारीत घेतो आणि खालच्या सात ओळी त्याच बेतानं, एखादा आकडा इकडेतिकडे करून, एका दमात भरून टाकतो. आगाऊ नोंद म्हणतो आम्ही तिला. सगळे करतात. मी बावीस वर्षं करतोय. आणि एकदा ओळ भरली की ते काम डोक्यातून पार जातं. लिहिलं म्हणजे झालं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे घडलं ते मी मुद्दाम केलं असं कुणाला वाटायला नको. मुद्दाम केलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

माझं वय सत्तेचाळीस. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. मुलगी दहा वर्षांची. कागदोपत्री नाव लांबलचक आहे, पण चालते ठुमकत आणि बोलते ठसक्यात म्हणून घरीदारी सगळे ठमीच म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्याकडे येते, रविवारी संध्याकाळी आईकडे जाते. ठमीला पाच वर्षांची असल्यापासून फिट येतात. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, सात मिली औषध, सुई नसलेल्या सिरिंजमधून तोंडात सोडायचं. वेळ चुकवायची नाही, झोप मोडायची नाही. सकाळी ती झोपलेलीच असते, मी गाल थोपटतो, ती डोळे मिटूनच आ करते, गिळते आणि कूस बदलते. चौदा महिने एकही फिट नव्हती.

वेगळे झालो त्या पहिल्या वर्षी तिची आई आणि मी फोनवर बोलायचो, म्हणजे भांडायचो. औषध दिलंस का, दिलं, किती वाजता, तू कोण विचारणार, असलं सगळं. शेवटी वकीलबाईंनी हात टेकले. म्हणाल्या, यापुढे एकमेकांना जे सांगायचं ते लिहून सांगा. वही ही माझी अक्कल. शिफ्ट बदलताना आम्ही रजिस्टर पुढच्याच्या हातात देतो, तशी पोरीच्या दप्तरातून ये-जा करणारी वही. तारीख, वेळ, औषध, झोप, काही विशेष, सही. रकाने मीच आखले, पट्टी घेऊन.

"पोरगी आहे ती, पंप नाही," तिची आई म्हणाली होती. पण वही तिने सोडली नाही. आणि गंमत बघा, त्या वहीनंच आमची भांडणं मिटवली. दोन वर्षं झाली, आमच्यात आवाज चढलेला नाही. महिन्याभरापूर्वी तिने स्वतःहून विषय काढला. तिला कामात बढती मिळाली होती, फिरती वाढणार होती. म्हणाली, "शाळेच्या नव्या वर्षापासून ठमीला चार दिवस तुझ्याकडे राहू दे. वही बघून मला आता धास्ती वाटत नाही."

तीन वर्षं मी या एका वाक्यासाठी जीव टांगून बसलो होतो. कागद तयार झाला. येत्या बुधवारी वकीलबाईंकडे दोघांनी सह्या करायच्या. मी पलंग आणला, टेबल आणलं, स्क्रू पिळून पिळून तळहाताला फोड आला. पडदे ठमीनं निवडले, भडक पिवळे. आत गेलं की कावीळ झाल्यासारखं वाटतं, पण म्हटलं राहू दे.

आता दुसरी गोष्ट. माझी थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिला मी एकटा बघवत नाही. "पोर चार दिवस राहणार म्हणजे घरात बाईमाणूस हवं" इथपासून "तुझं तोंड बघ, दुधात माशी पडल्यासारखं" इथपर्यंत सगळं तिने सांगून झालं. शेवटी एका रविवारी तिनेच माझ्या फोनमध्ये ते जोड्या जमवायचं ॲप घातलं. फोटो म्हणून माझा हेल्मेट घातलेला, पंपाशेजारचा. चांगला दुसरा नव्हताच.

वर्षभरात चार जणींना भेटलो. एकीनं पगार विचारला, मग घर स्वतःचं का ते विचारलं, मग घड्याळ बघितलं. एक भावाला घेऊन आली, आणि सगळा वेळ भावानंच माझ्याशी गप्पा मारल्या, फार सज्जन माणूस. एकीला मी ठमीचं दुखणं सांगितलं, तर तिने कपातली कॉफी संपवायचेही कष्ट घेतले नाहीत. चौथीशी बरं जमेल असं वाटत होतं, पण तिला अजून नवऱ्याकडे परत जायचं होतं आणि ते तिला माझ्याशी बोलता बोलता कळलं. मी तिला टॅक्सीत बसवून दिलं.

लोकांना वाटतं या वयात आता कसली हौस. हौस नाही हो. एकटेपणानं माणूस हलका होतो. दुकानदार नुसतं "आज दमलेले दिसताय" म्हणाला तरी मी काउंटरपाशी दहा मिनिटं उगाच रेंगाळायचो. स्वतःचीच लाज वाटायची.

पाचवी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. चव्वेचाळीस वर्षांची, नवरा गेलेला, मूल नाही. तीन आठवडे आमचं लिहिणंबोलणं चाललं होतं. लिहायची थोडंच, पण नेमकं. ठमीबद्दल मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी ती टिकली. रविवारी सकाळी दहाला भेटायचं ठरलं. दहाला म्हणजे मला नऊचं औषध देऊन आरामात जाता आलं असतं.

रविवारी सात वाजता तिचा निरोप आला. दुकानातली दुसरी आजारी आहे, मला अकराला जावं लागेल, साडेआठला जमेल का? मी लगेच हो लिहिलं. नाही कशाला म्हणतोय! ताईला फोन केला, आठ वाजता ठमीपाशी येऊन बस म्हणून. चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत वही उघडली, जशी ती आली की उघडतो, आणि लिहून टाकलं: सकाळी नऊ, सात मिली, दिलं. झोप चांगली. सही. मग सिरिंजमध्ये औषध भरलं. विचार असा की आठला, निघायच्या आधी, झोपेतच देऊन टाकू. तासभर लवकर दिलं तर चालतं.

तेवढ्यात आरशात बघितलं तर आदल्या दिवशी ताईनं केसांना लावून दिलेल्या रंगाचा डाग कानाच्या पाळीवर. साबणानं घासला, जाईना. खोबरेल तेलानं घासला, कान लाल झाला आणि डाग तिथेच. दाराची बेल वाजली. ताई आत आली ती माझ्या शर्टाकडे बघतच.

"हा घालून जाणार आहेस? मीटर बघायला निघालायस की बाईला भेटायला?"

"ताई, सकाळी सकाळी सुरू होऊ नकोस."

"निळा घाल. इस्त्री मी मारते. आणि हसतमुखानं बस जरा, पोलीस चौकीत बसल्यासारखं नको."

निळा घातला. ठमीच्या खोलीत डोकावलो, पिवळ्या उजेडात तोंड उघडं टाकून झोपली होती. दाराशी बूट चढवताना ताईनं विचारलं, "औषध?"

"वहीत आहे," मी म्हणालो.

खोटं बोललो नाही. माझ्या डोक्यात ते झालेलंच होतं. ओळ भरली होती ना.

कॉफीच्या दुकानात ती माझ्या आधी येऊन बसली होती. फोटोपेक्षा बारीक, केस पिकलेले आणि ते तसेच ठेवलेले. मला एकदम माझ्या कानाची आठवण झाली. पाच मिनिटांत तिने विचारलं, "तुमचा चष्मा डावीकडे कललाय, कळतंय का तुम्हाला?" आणि हात पुढे केला. मी चष्मा काढून दिला. तिने काडी बोटांत धरून हलकेच वाकवली, उजेडात धरली, पुन्हा वाकवली, आणि मग स्वतःच्या हातानं माझ्या नाकावर चढवून दोन्ही कानांमागे बोटं फिरवून बघितलं, नीट बसलाय का. तीन वर्षांत माझ्या कानाला न्हाव्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

"रंग नवीन दिसतोय," ती म्हणाली.

"बहिणीचा उद्योग."

ती हसली. मीही हसलो. मग बोलत सुटलो. प्लांटचं सांगितलं, बुधवारचं सांगितलं, पिवळ्या पडद्यांचं सांगितलं. तिने विचारलं, एकट्यानं हे सगळं कसं सांभाळता, औषधाच्या वेळा आणि शिफ्टा? आणि मी, छाती पुढे काढून, तिला वहीची गोष्ट सांगितली.

"तीन वर्षांत एकही डोस चुकला नाही," मी म्हणालो.

"कमाल आहे तुमची," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. तेव्हा घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीवरचं घड्याळ तिच्या डोक्याच्या अगदी वर होतं, मी दोनदा तिकडे बघितलं, आणि काही म्हणजे काही आठवलं नाही. एवढंच वाटलं की अजून बराच वेळ आहे.

अकराला घरी आलो. ठमी ताईबरोबर पत्ते खेळत होती आणि ताई हरत होती. मी आल्या आल्या ठमीनं माझं तोंड निरखलं. "बाबा, तू गाणं म्हणतोयस." मी गुणगुणत होतो की काय कोण जाणे. ताई डोळे मोठे करून काय झालं काय झालं विचारत होती, मी तिला "मग सांगतो" म्हणून कटवलं. ती गेली. मी भात लावला. ठमी ओट्याशेजारी स्टुलावर बसून बुधवारनंतर कुठल्या दिवशी काय करायचं त्याची यादी सांगत होती. सोमवारी पोहायला, मंगळवारी काही नाही, कारण मंगळवारी तिला कंटाळा येतो.

एक वाजून वीस मिनिटांनी ती वाक्य अर्धं टाकून थांबली. मी वळून बघितलं. नजर वर गेली होती, उजवा हात झटके देत होता. स्टुलावरून पडायच्या आत मी तिला धरलं आणि जमिनीवर कुशीवर वळवलं. डोक्याखाली टॉवेलची घडी. तोंडात काही घालायचं नाही. घड्याळ बघायचं. हे सगळं मला येतं, हात आपोआप करतात. साडेतीन मिनिटांनी थांबली. मी तिचं तोंड पुसलं. ती गाढ झोपल्यासारखी पडली आणि दहा मिनिटांत पुन्हा सुरू झालं. दोन लागोपाठ म्हणजे हॉस्पिटल, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे.

टॅक्सीला फोन केला. तिच्या आईला फोन केला, ती "निघाले" एवढंच म्हणाली. पिशवीत वही टाकली, टॉवेल टाकला, औषधाची बाटली घ्यायला ओट्याकडे गेलो. बाटली उचलली. तिच्यामागे, कॉफीच्या डब्याला टेकून, सिरिंज उभी होती. भरलेली. सात मिली, रेघेवर बरोबर.

क्षणात सगळं कळलं, चहा, वही, कान, बेल, शर्ट. ते औषध आता तिच्या तोंडात घालता येत नव्हतं, ती शुद्धीवर नव्हती. मग मी काय केलं? मी ती सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली. नळ सोडला, सिरिंज धुतली आणि जाळीवर पालथी घातली, नेहमी घालतो तशी. हे मुद्दाम केलं. याचं कारण मला नीट माहीत आहे. बुधवार.

टॅक्सीत ठमीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ड्रायव्हर आरशातून बघत होता. "लहान आहे हो फार," तो म्हणाला. मी त्याला गाडी बघून चालव म्हणून खेकसलो. बिचाऱ्याची काय चूक होती!

हॉस्पिटलमध्ये सुईतून औषध दिल्यावर झटके थांबले. चारच्या सुमाराला तिने डोळे उघडले. तोवर तिची आई आली होती, फिरतीच्या गावाहून थेट, एका पायातला सँडल तुटलेला. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन ठमीचा हात धरून बसली.

डॉक्टर तरुण होता. फाईल चाळत उभ्या उभ्या प्रश्न विचारत होता. ताप? नाही. जागरण? नाही. पडली वगैरे? नाही.

"डोस चुकला होता का?"

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत तिच्या आईनं पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि त्याच्यापुढे धरली. "काल रात्री नऊ, आज सकाळी नऊ. बघा." डॉक्टरनं बघितलं. मग ठमीकडे वाकून विचारलं, "सकाळी औषध घेतलं होतंस ना, बाळ?"

ठमीची जीभ अजून जड होती. "हो," ती म्हणाली. "बाबाने दिलं. झोपेत. कडू लागलं."

नंतर ताईकडून कळलं ते असं. साडेनऊला उठल्यावर ठमीनं औषध मागितलं होतं. ताई म्हणाली, बाबानं दिलंय, हे बघ वहीत. ठमीनं वही बघितली आणि म्हणाली, मला कसं आठवत नाही? म्हणजे हॉस्पिटलमध्ये ती खोटं बोलली. आठवत नव्हतं ते तिने कडूसकट रचून सांगितलं. माझ्या पोरीनं.

डॉक्टरनं सुस्कारा सोडला. "वेळेवर औषध घेऊनही लागोपाठ दोन येतात म्हणजे हे औषध पुरं पडत नाहीये. दुसरं जोडावं लागेल. थोडी सुस्ती येईल, अभ्यासात मागे पडल्यासारखी वाटेल. पण इलाज नाही. आजच सुरू करू." त्याने चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. मी खाली जाऊन रांगेत उभा राहिलो, पैसे दिले, बाटली घेतली. रांगेत असताना फोन वाजला. चष्मेवालीचा निरोप होता: आज खूप बरं वाटलं. ठमीला माझा नमस्कार सांगा. मी फोन बंद करून खिशात टाकला.

वर आलो तर तिची आई व्हरांड्यात उभी होती. तुटका सँडल हातात.

"गाडीत येताना मी तुला शिव्या घालत होते," ती म्हणाली. "म्हटलं, चुकवलाच असणार याने. मग वही बघितली. मला माफ कर."

मी बाटलीवरचं लेबल वाचत राहिलो.

"माझ्याच नोंदी बघ. एकदा वीस मिनिटं उशीर, एकदा तासभर, एकदा ऑफिसमुळे शेजारणीनं दिलं. तुझी एकही ओळ इकडची तिकडे नाही. माझ्यापेक्षा तूच नीट करतोस रे." तिचे डोळे भरून आले होते. "बुधवारी आपण जाऊ. पुढे ढकलायला नको."

तिच्या ओळी खऱ्या होत्या म्हणून वेड्यावाकड्या होत्या. मला तेव्हा जमीन फाटावी आणि आत जावं असं झालं. आणि तरीही, लाज सोडून सांगतो, मी "बरं" म्हणालो. तिच्यामागून खोलीत आलो आणि बाटली नर्सच्या हातात दिली.

नर्सनं बाटली हलवली. छोट्या प्लॅस्टिकच्या पेल्यात नवं औषध ओतलं, गुलाबी रंगाचं. ठमी उठून बसली, उशीला टेकली. तिने माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. आम्ही दोघं एका बाजूचे, असा. मग तिने शहाण्यासारखं आ केलं.

"थांबा," मी म्हणालो.

नर्स थांबली नाही, तिला वाटलं मी ठमीशी बोलतोय. मी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. थोडं औषध चादरीवर सांडलं. "अहो!" ती ओरडली. डॉक्टर दारातून परत फिरला.

"सकाळचं औषध दिलेलं नाही," मी म्हणालो. "मी दिलं नाही. विसरलो. एका बाईला भेटायला जायचं होतं. वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. दुपारी सिरिंज भरलेली सापडली, ती मी बेसिनमध्ये ओतली."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल? प्लांटवर एक ओळ भरायला लागतो तेवढा.

मला वाटलं तिची आई ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सँडल खाली ठेवला, वही घेतली आणि पानं उलटी चाळायला लागली. मागे, मागे, कितीतरी मागे. मग एका पानावर बोट ठेवलं आणि वही माझ्यापुढे धरली.

"मागची फिट. चौदा महिन्यांपूर्वीची. तेव्हाही रविवार होता, तेव्हाही तुझ्याकडे होती. सकाळी नऊ, दिलं, असं लिहिलंय. दिलं होतंस?"

मी त्या ओळीकडे बघत राहिलो. माझंच अक्षर, माझीच सही. वरची ओळ तशीच, खालची तशीच. आठवायचा फार प्रयत्न केला. त्या सकाळचं काहीसुद्धा आठवेना.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"त्या फिटनंतर डोस दुप्पट केला," ती डॉक्टरला सांगत होती, पण बघत माझ्याकडे होती. "त्यानंतर तिला पाढे आठवेनासे झाले. मी तिला मारलंय त्यावरून. दोनदा."

डॉक्टर घसा खाकरून पलंगापाशी आला. त्याचा आवाज आता फार मऊ झाला होता. "बाळ, सकाळी औषध घेतल्याचं तुला खरंच आठवतंय?"

ठमीनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. काय सांगायचं ते मी खुणावेन म्हणून वाट बघत होती. आणि तिच्या त्या बघण्यात इतकी सवय होती की मला कळलं, हे आज पहिल्यांदा नाही. आईनं फोनवर विचारलं जेवलीस का, झोपलीस का, बाबा घरी होता का, की ती आधी अशीच माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. ती हो म्हणायची.

"खरं सांग, ठमे," मी म्हणालो.

"नाही आठवत," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. मग तिचा ओठ थरथरला. "पण मी सांगितलं होतं ना दिलं म्हणून! सगळ्यांना पटलं होतं. तू कशाला बोललास?"

नर्सनं पेला ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे घेऊन बाहेर गेली.

"आता बुधवारचं नाही ना?" ठमीनं विचारलं. मग ती घाईघाईनं सांगायला लागली. "मी मोठी झालेय आता. मी माझं मीच घेईन. गजर लावीन दोन्ही वेळचा. सिरिंज मला भरता येते, सातच्या रेघेपर्यंत. वहीत पण मीच लिहीन. बाबाला काही करावं लागणार नाही. मग तर चालेल? आई, मग चालेल ना?"

तिची आई माझ्याकडे बघत होती. तीन वर्षांत प्रत्येक "नाही" तिने म्हटलं होतं आणि मी प्रत्येक वेळी वाईटपणा तिच्या पदरात टाकून मोकळा झालो होतो. या वेळी ती बोलली नाही.

"नाही चालणार, ठमे," मी म्हणालो.

ती आधी काही समजलंच नसल्यासारखी बघत राहिली. मग तोंड वेडंवाकडं झालं आणि ती मोठ्यानं रडायला लागली, अगदी लहान असताना रडायची तशी. तिची आई पुढे आली. मी पलंगापासून मागे सरलो आणि तिला बसायला जागा करून दिली.